गेटपर्यंत आलेली आई

आमच्या शाळेच्या कपाटात माझे एक कृतिसंशोधन पडून आहे. निळ्या पुठ्ठ्याचे, स्पायरल बांधणीचे, चौसष्ट पानांचे. २०१५ साली नोकरी करता करता बी.एड. केले, तेव्हा ते लिहिले होते. विषय होता, 'उर्दू माध्यमाच्या शाळेतील इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थिनींच्या गळतीची कारणे व त्यांवरील उपाय'. त्याला चांगले गुण मिळाले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी कौतुकही केले. त्यातला पहिलाच निष्कर्ष असा होता : 'पालकांची शिक्षणाविषयीची उदासीनता हे विद्यार्थिनींच्या गळतीचे प्रमुख कारण आहे.'

हे वाक्य खोटे होते. ते खोटे आहे हे कळायला मला सात वर्षे लागली. त्या सात वर्षांत मी ते पालकसभेत बोलले, प्रशिक्षणाच्या वर्गात बोलले, नातेवाइकांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीवरही बोलले. कुणी आपल्या समाजाच्या मागासलेपणाचा विषय काढला की मी म्हणायची, "मी स्वतः संशोधन केलंय यावर. आपल्या लोकांनाच नको आहे शिक्षण." संशोधन हा शब्द उच्चारला की समोरचा गप्प बसतो, हे मला ठाऊक झाले होते.

ते संशोधन मी केले कसे, ते आधी सांगते.

मी सोलापुरातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. आमच्या वस्तीतले पुरुष चादरी-टॉवेलच्या यंत्रमागावर जातात, रिक्षा चालवतात, फळांची गाडी लावतात. बायका घरी बसून शिवणकामाच्या कारखान्यांतून आणलेल्या गणवेशांचे धागे कापतात, काज-बटण करतात. ज्या मुली आठवी-नववीत शाळा सोडतात, त्याही याच कामाला बसतात. दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळेचे शर्ट त्यांच्या मांडीवर असतात.

बी.एड.ला कृतिसंशोधन सक्तीचे होते. शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण हेरायची, तिची कारणे शोधायची, उपाय करून पाहायचा आणि काय घडले ते लिहायचे, अशी ही रीत. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली ही कल्पना एका लेखात मांडली. त्या लेखाच्या शीर्षकात 'कृतिसंशोधन' या शब्दाशेजारीच 'अल्पसंख्याकांचे प्रश्न' असे शब्द आहेत, हे मला फार पुढे कळले. पुढे १९५३ साली स्टीफन कोरी यांच्या पुस्तकाने ती शाळाशाळांत नेली. बी.एड.च्या नोट्समध्ये या दोघांची नावे होती, त्यामुळे ती पाठ होती. त्यांनी काय म्हटले होते याच्याशी मला कर्तव्य नव्हते. मुदत जवळ आली होती.

मी वीस प्रश्नांची प्रश्नावली उर्दूत तयार केली. शाळा सोडलेल्या आणि सोडण्याच्या बेतात असलेल्या चाळीस मुलींच्या पालकांसाठी ती मुलींच्याच हाती, नाहीतर शेजारच्या मुलींच्या हाती पाठवली. छत्तीस परत आल्या. मुख्य प्रश्न होता, मुलगी शाळेत नियमित न येण्याचे कारण कोणते? पर्याय पाच : आर्थिक अडचण, लग्न ठरणे, घरकाम, शाळेचे अंतर, पालकांना शिक्षणात रस नसणे. योग्य पर्यायापुढे बरोबरची खूण करा. छत्तीसपैकी एकवीस जणांनी शेवटच्या पर्यायावर खूण केली होती. अठ्ठावन्न टक्के. मी तक्ता केला, स्तंभालेख काढला, त्यात हिरवा रंग भरला. पुरावा म्हणून पालकसभेचे हजेरीपत्रक जोडले. तेही हेच सांगत होते. बहुतेक रकान्यांत 'गैरहजर'.

२०२२ उजाडले. कोरोनाने बंद पडलेल्या शाळा पुन्हा भरू लागल्या. वर्ग सुरू झाले तरी काही मुली आल्याच नाहीत. आठवीतली एक हुशार मुलगी महिनाभर दिसेना, म्हणून मी तिच्या घरी गेले. संशोधनाच्या नियमाप्रमाणे तिचे आणि तिच्या घरच्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या थोरल्या बहिणीला नुसते 'थोरली' म्हणते.

थोरली माझीच विद्यार्थिनी निघाली. २०१५ साली नववीत असताना तिने शाळा सोडली होती. आता तिचे लग्न झाले होते आणि बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झोळीत होते. ती शर्टांच्या गठ्ठ्याशी बसून धागे कापत होती. मला पाहून उठली, पाणी दिले, हसली. बोलता बोलता मी सहज म्हणाले, "तुझ्या वेळी मी एक सर्वे केला होता, आठवतंय?"

"आठवता टीचर," ती म्हणाली. "वो कागज मैं भरी थी."

"तू? ते तर अम्मीने भरायचे होते."

"अम्मीकू कहाँ पढ़ने आता?"

मी गप्प झाले. मग विचारले, त्या पाचांपैकी कशावर खूण केलीस?

"आखरी वाले पे."

"का गं?"

ती कात्री खाली ठेवून, जणू सोपे गणित समजावून सांगावे तसे सांगू लागली. "पैसे नै करके लिखती, तो तुम क्लास में सबके सामने मेरा नाम पुकारते, फुकट की कापियां देने. शादी लिखती तो पोरियां हसते. घर का काम लिखती तो अम्मीकू बुलाके समझाते. आखरी वाला लिखी तो किसीकू कुछ नै."

म्हणजे माझ्या अठ्ठावन्न टक्क्यांत पालक नव्हतेच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली होत्या आणि त्यांनी पाच पर्यायांतला सर्वांत कमी अपमानाचा पर्याय शोधला होता. सगळ्याच प्रश्नावल्या मुलींनी भरल्या असतील असे मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी शाळेत परत येऊन मी निळी फाइल उघडली. मागे जोडलेल्या कागदांवरची अक्षरे पाहिली. प्रत्येक अक्षर माझ्या ओळखीचे होते. मी त्यांच्या वह्या तपासत होते ना! फक्त २०१५ मध्ये अक्षराकडे पाहायचे मला सुचले नव्हते. मी खुणा मोजत होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. थोरली बोलत होती तेव्हा तिची अम्मी आत भाकरी करत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मैं आई थी टीचर. तुम बुलाए सो दिन. गेट तलक आई थी."

मला आठवेना. थोरलीने आठवण दिली. ती दर सोमवारी गैरहजर राहायची, कारण सोमवारी कारखान्यात गठ्ठा पोचवायचा असे. एका मंगळवारी वर्गात मी तिला म्हणाले होते, "उद्या अम्मीला घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नकोस." अम्मी दुसऱ्या दिवशी आली. गेटपाशी वही होती. आलेल्या पालकाने त्यात नाव लिहून सही करायची. तिला सही येत नव्हती. ती तिथून परत गेली. थोरलीही तिच्याबरोबर गेली, आणि पुन्हा आली नाही.

मी त्या दिवशी अम्मीच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिले असणार.

त्या रात्री मला झोप लागली नाही. थोरलीने शाळा का सोडली, याचे उत्तर माझ्या पाच पर्यायांत कुठे होते? कुठेच नव्हते. 'शिक्षिकेने वर्गात उच्चारलेले एक वाक्य' असा सहावा पर्याय मी ठेवला नव्हता. ठेवणार तरी कशी? प्रश्नावली करणाऱ्याला जेवढे माहीत असते, तेवढेच प्रश्नावली विचारते. त्याच्या कल्पनेबाहेरचे उत्तर द्यायला तिच्यात जागाच नसते. माझ्या पाच पर्यायांत गरिबी होती, लग्न होते, अंतर होते, पालक होते. मी नव्हते.

असे असले तरी आकड्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या समाजाला आकड्यांनी पुष्कळ दिले आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत ठेवला गेला. सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेली नाहीत किंवा शाळा सोडून बसली, हे त्या अहवालाने देशाला सांगितले. शाळेत जाण्याच्या वयातली जेमतेम तीन टक्के मुस्लिम मुले मदरशांत शिकतात, हेही त्यानेच सांगितले. आपली सगळी मुले मदरशांतच जातात अशी चर्चा करणाऱ्यांना गप्प करायला हा एक आकडा पुरेसा होता. दहा घरांच्या कहाण्यांनी ते झाले नसते. किती, हे सांगायला मोजावेच लागते. का आणि कसे, हे कळायला मात्र दारात जाऊन बसावे लागते. माझी चूक मोजण्यात नव्हती. जे मोजून कळणारे नव्हते, ते मी मोजायला गेले होते.

मग मी वाचायला लागले. बी.एड.च्या पुस्तकात 'गुणात्मक संशोधन' या मथळ्याखाली दीड पान होते, ते परीक्षेला कधी आले नव्हते. आता शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून इंग्रजी-मराठी पुस्तके आणली. शब्द जड होते. पण एकेक रीत आपल्या शाळेला लावून पाहिली की ती उलगडत गेली. तशीच ती इथे मांडते.

पहिली रीत व्यष्टी अध्ययनाची. एकच मुलगी घ्यायची, किंवा एकच वर्ग, एकच शाळा, आणि तिला सर्व बाजूंनी न्याहाळायचे. तिचे बोलणे, आईचे बोलणे, शाळेतले कागद, घर, रस्ता, सगळे. थोरलीचे घर हे माझ्यासाठी व्यष्टी अध्ययन होते, ते मी न ठरवताच झाले होते. दुसरी रीत कथनाची. माणूस आपले आयुष्य कोणत्या क्रमाने सांगतो, कुठून सुरुवात करतो, काय गाळतो, याकडे लक्ष द्यायचे. अम्मीने आपली गोष्ट गेटपासून सुरू केली, हे या रीतीने पाहिले की किती महत्त्वाचे आहे ते कळते. तिसरी रीत अनुभवाचा गाभा शोधण्याची, जिला तत्त्वज्ञानातून आलेले फिनॉमेनॉलॉजी हे नाव आहे. शाळा सोडावी लागणे म्हणजे काय, हा अनुभव ज्यांनी घेतला त्या पाच-दहा जणींना तो आतून कसा वाटला, त्यात समान काय होते, एवढेच इथे विचारायचे. त्यासाठी संशोधकाने आपली मते काही काळ बाजूला काढून ठेवायची असतात. सर्वांत अवघड हेच.

चौथी रीत लोकांत राहून त्यांचे जगणे लिहिण्याची. तिला एथ्नोग्राफी म्हणतात. ब्रोनिस्लॉ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला आणि १९२२ साली त्याचे पुस्तक आले. तेव्हापासून शेतावर-वस्तीवर राहून अभ्यास करण्याला शिस्त आली असे मानतात. त्याची खासगी रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली छापली गेली. त्या बेटांवरच्या माणसांविषयीची त्याची चीड त्यात उघडी पडली आणि बरीच खळबळ झाली. मला मात्र ते वाचून धीर आला. अभ्यासकाच्याही मनात राग-लोभ असतात. ते लपवण्यापेक्षा वहीत लिहून त्यांच्यावर नजर ठेवलेली बरी. आपल्याकडे एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. पुढे १९७० साली अमेरिकेत त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती आगीत जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून त्या गावाचे पुस्तक लिहिले, ते १९७६ साली आले. जे नीट पाहिले ते जळत नाही, असे ते वाचताना वाटले.

आणि हे सारे पाश्चात्त्यांनीच सुरू केले असेही नाही. अल-बिरुनी गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानाचा अभ्यास करायला बसला. तो संस्कृत शिकला, पंडितांना विचारत राहिला आणि १०३०च्या सुमारास त्याने 'किताब-उल-हिंद' लिहिली. हे वादविवादाचे पुस्तक नाही, हिंदूंचे म्हणणे ते मांडतात तसे मी देणार आहे, असे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले. स्वारी करणाऱ्या सुलतानाच्या काळात एका विद्वानाने असे म्हणावे, याला काय म्हणायचे?

पाचवी रीत मला सर्वांत जवळची वाटली. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस हे दोघे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इस्पितळांत मरणाच्या दारातल्या रुग्णांभोवती काय घडते, याचा अभ्यास करत होते. रुग्णाला आपण मरणार हे ठाऊक आहे का, नातेवाइकांना ठाऊक आहे का, कोण कोणापासून काय लपवते, हे ते टिपत गेले. त्यावरचे पुस्तक १९६५ साली आले. १९६७ साली त्यांनी आपली पद्धत सांगणारे दुसरे पुस्तक लिहिले. आधी सिद्धांत ठरवून मग पुरावे शोधू नका, माणसांच्या बोलण्यातूनच सिद्धांत वर येऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. याला ग्राउंडेड थिअरी म्हणतात. मी नेमके उलटे केले होते. उदासीनता आधी ठरली होती, छत्तीस कागद नंतर आले होते.

२०२२-२३च्या शैक्षणिक वर्षात मी पुन्हा अभ्यास सुरू केला. या वेळी कुठली पदवी नव्हती, गुण नव्हते, मुदत नव्हती. नऊ घरे घेतली. एक वही केली. उजव्या पानावर जे पाहिले-ऐकले ते, डाव्या पानावर माझ्या मनात काय आले ते.

मुलाखत म्हणजे प्रश्न विचारणे असे मला वाटायचे. पहिल्या घरी मी विचारले, "तुम्हाला मुलीला शिकवायचे आहे ना?" उत्तर आले, "हौ टीचर, क्यूं नै." दुसऱ्या घरी तेच विचारले, तेच उत्तर आले. उत्तर माझ्या प्रश्नातच होते. मग प्रश्न बदलला. "मुलगी शाळेत जायची तेव्हा सकाळ कशी असायची, सांगा ना." यावर एक आई पाऊण तास बोलली. मी नुसते 'मग?' म्हणत राहिले. मुलाखतीत सर्वांत कठीण काम गप्प बसण्याचे. आम्हा शिक्षकांना ते फार जड जाते. वर्गात दोन सेकंद शांतता झाली की आम्हीच उत्तर सांगून टाकतो.

मोबाइलवर बोलणे रेकॉर्ड करू का, असे विचारले तर सहा जणींनी नको म्हटले. मग नाही केले. घरी येऊन आठवेल ते रात्रीच लिहून काढायचे, सकाळपर्यंत निम्मे विसरते. सासू शेजारी बसली असली की सुनेचे बोलणे वेगळे, सासू नमाजाला उठली की वेगळे. तेही टिपले. एकदा मी एकीला विचारले, "घरी कुणाचा विरोध होता का?" ती म्हणाली, "नै," आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिले. नुसते 'नै' लिहिले असते तर मी पुन्हा २०१५ मध्येच गेले असते. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ साली डोळ्याच्या पापणीचे उदाहरण देऊन हेच समजावले आहे. डोळा लवणे आणि डोळा मारणे, पाहणाऱ्याला दोन्हींत पापणी सारखीच हलते. अर्थ कळायचा तर आजूबाजूचे सगळे लिहावे लागते.

भाषेचेही असेच. आम्ही घरात दखनी बोलतो, शाळेत उर्दू, आणि माझे संशोधन मराठीत. 'उदासीनता' हा शब्द मी चौसष्ट पानांत कितीतरी वेळा वापरला होता. आता अम्मीला तो दखनीत विचारून पाहावा म्हटले, तर शब्दच सापडेना. जो आरोप ज्याच्यावर केला, त्याला तो त्याच्या बोलीत सांगताही येत नाही, असा हा प्रकार होता.

नुसते बसून पाहण्यानेही पुष्कळ दिले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. एका घरी मी पहाटेपासून बसले होते, त्या दिवशी पाणी आले. सगळे घर उठून हंडे, बादल्या, पिंप भरायला लागले. मोठी मुलगी नळाजवळून हलली ती नऊ वाजता. शाळा तेव्हा केव्हाच भरली होती. शाळेत येऊन मी तिचे हजेरीपत्रक काढले. तिच्या गैरहजेरीच्या खुणा ठरावीक अंतराने पडल्या होत्या. आम्ही शिक्षक तिला 'लहरी' म्हणत होतो. ती पाण्याच्या दिवशी येत नव्हती, एवढेच.

एका जुम्म्याला दुपारी एका अंगणात सात आया जमल्या. याला गटचर्चा म्हणतात. एकीचे ऐकून दुसरीला आठवते, दुसरीचे ऐकून तिसरी खोडून काढते. चहा झाला, आणि मी न विचारता गेटचा विषय निघाला. सातपैकी चार जणी कधी ना कधी त्या गेटवरून परत गेल्या होत्या.

शाळेतले कागदही तपासले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो. जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर : 'पालकांच्या विनंतीवरून'. एकाही आईने अशी विनंती केल्याचे मला सांगितले नाही. तो रकाना भरायचा म्हणून भरलेला होता. कागद खोटे बोलतात असे नाही, पण ते कुणी, कशासाठी लिहिले हे विचारल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. एकच गोष्ट मुलाखतीतून, निरीक्षणातून आणि कागदातून ताडून पाहण्याला त्रिकोणीकरण म्हणतात. आपल्या वाचकांना हे नवे नाही. हदीस जमवणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हेच केले. कुणी सांगितले, त्याने कुणाकडून ऐकले, सांगणारा भरवशाचा आहे का, हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने आली आहे का, हे तपासल्याशिवाय त्यांनी रिवायत मान्य केली नाही.

मग वहीतल्या वाक्यांना नावे द्यायला बसले. याला संकेतन म्हणतात. एका वाक्यापुढे 'सही', दुसऱ्यापुढे 'पाणी', तिसऱ्यापुढे 'गठ्ठा', 'नाव पुकारणे', 'गेट'. सारखी नावे एकत्र केली. सातव्या-आठव्या घरापर्यंत नवे नाव निघेनासे झाले. नववे घर झाल्यावर मी थांबले. पुस्तकात याला संपृक्तता म्हणतात. आमच्या स्टाफरूममधले एक सर हसून म्हणाले, "नऊ घरांवरून काय सिद्ध होणार आपा?" त्यांचा प्रश्न चूक नव्हता. नऊ घरांवरून जिल्ह्याची टक्केवारी काढता येत नाही, काढूही नये. पण गेटवरची वही आईला परत पाठवू शकते, हे कळायला नऊ घरे पुरेशी होती. आता दुसऱ्या शाळेने आपल्या गेटवर जाऊन पाहावे.

गेट, सही, नाव पुकारणे, या सगळ्यांना मी एका मथळ्याखाली आणले होते : 'शरम'. मला तो निष्कर्ष फार आवडला होता. पुस्तकात एक शेवटची पायरी सांगितली आहे. जे लिहिले ते ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचून दाखवा, त्यांना पटते का विचारा. मी थोरलीच्या घरी गेले आणि अम्मीला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली,

"शरम नै टीचर. गुस्सा आया था."

"गुस्सा?"

"मैं बोली, मेरेकू लिखने नै आता. तो वहाँ सबके सामने बोले, अंगूठा लाव, अंगूठा. मेरी बच्ची बाजू में खडी थी. शरम कायकू? मैं चोरी करी क्या? गुस्सा आया, वापस आई."

माझ्या हातात वही तशीच राहिली. सात वर्षांपूर्वी मी तिला उदासीन ठरवले होते. या वेळी मोठ्या सहानुभूतीने तिला लाजलेली बिचारी ठरवून टाकले होते. दोन्ही वेळा मी तिला न विचारता ठरवले होते. उदासीन बाईला उपदेश करता येतो, बिचाऱ्या बाईवर दया करता येते. रागावलेल्या बाईचे काय करायचे? तिची माफी मागावी लागते.

मी मागितली. तिने "जाने दो" म्हटले आणि चहा टाकला.

या अभ्यासातले सगळे मी लिहिलेले नाही. थोरलीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या सासरी कळल्या तर तिला त्रास होईल, म्हणून तिनेच लिहू नका म्हटले. त्या वहीतून खोडून टाकल्या. त्या दोन गोष्टींनी माझा अभ्यास अधिक भरीव झाला असता. पण तिचे घर तिचे आहे. प्रश्नावलीच्या कागदामागे माणूस लपू शकतो. समोर बसून मनातले सांगणाऱ्याला लपायला जागा नसते, म्हणून ती जागा आपण राखायची. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो तिला फोनवर वाचून दाखवला. एका ठिकाणी तिने शब्द बदलायला लावला, तो बदलला आहे.

फार मोठे काही घडले नाही. मुख्याध्यापकांशी बोलून गेटवरची वही काढायला लावली. आता नाव आम्ही लिहितो आणि सहीची सक्ती नाही. वह्या वाटताना वर्गात नाव पुकारत नाही. पाण्याच्या दिवशी उशिरा आलेल्या मुलीला दाराबाहेर उभे करत नाही. धाकटी परत आली आणि नववीत गेली. थोरलीसाठी मी बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला होता. तो तिने अजून भरलेला नाही. का, ते मी अंदाजाने लिहिणार नाही. ती सांगेल तेव्हा ऐकेन.

निळी फाइल कपाटातच आहे. फाडून टाकावी असे अनेकदा वाटले, पण फाडली नाही. आमच्या शाळेत बी.एड.ची मुले-मुली सरावपाठाला येतात, प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन विचारतात, "आपा, पालकांकडून हे भरून मिळेल का?" त्यांना मी आधी ती फाइल वाचायला देते. मग मागची छत्तीस पाने उघडून म्हणते, टक्केवारी राहू दे, अक्षर बघ.

आणि पालकसभेच्या दिवशी मी आता स्टाफरूममध्ये बसत नाही. गेटपाशी उभी असते.